प्राप्तीची स्क्रीन आणि ठमाबाईचं आवतण

आमची प्राप्ती कंपनीत नक्की काय काम करते हे गावात कोणालाच धड सांगता येत नाही, आणि तरी प्रत्येक जण सांगतो. तिच्या आईच्या मते ती 'कंप्युटरचं डिझाइन' करते. शेजारच्या रघूच्या मते ती वायफाय दुरुस्त करते. त्याच्या घरचं नेट बंद पडलं की तो ते डबडं वायरीसकट उपटून आमच्या ओट्यावर आणून ठेवतो. प्राप्ती त्याला दर वेळी सांगते की हे माझं काम नाही, आणि दर वेळी ते चालू करून देते. मग रघूचं तरी काय चुकलं?

मी निकेत, प्राप्तीचा चुलतभाऊ. वयाने मोठा, म्हणून ती मला दादा म्हणते आणि माझं काही एक ऐकत नाही. माझे ट्रेलर बंदरावर कंटेनर ओढतात. मी दिवसभर रांगेत ड्रायव्हरांशी, गेटवाल्यांशी आणि फोनशी भांडतो, त्यामुळे माझा आवाज जरा वरचाच असतो. हे आधीच सांगितलेलं बरं.

आमचं गाव उरणला, मिठागरांच्या कडेला. आजोबा मीठ पिकवायचे, बाबांनी ट्रक घेतला, मी ट्रेलर घेतले, इथपर्यंत सगळ्यांना समजत होतं. प्राप्ती मात्र बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत लागली आणि ती कंपनी काय विकते तेच कोणाला कळेना. शेवटी एकदा मीच तिला धरून बसवलं. म्हटलं, मला कळेल असं सांग, नाहीतर आज जेवण नाही.

तिने लॅपटॉप उघडला. मोकळ्या पांढऱ्या पानावर एका कप्प्यातून बारकी बारकी चित्रं बोटाने ओढून आणली आणि ती रेघांनी एकमेकांना जोडली.

"ह्ये कंप्युटर. ह्यो राउटर. ही केबल. आता बग, निरोप पाठवतंय." एक इवलंसं पाकीट रेघेवरून टुणटुण उड्या मारत निघालं आणि पलीकडच्या कंप्युटरवर जाऊन बसलं.

"ह्ये कुठं हाय?" मी विचारलं.

"कुठंच नाय, दादा. सगलं खोटं हाय. खरं सामान म्हाग. कॉलेजच्या पोरांना फोडाला कोन देनार? मंग इथं खोटं नेटवर्क बांदाचं, बिगडवाचं, परत नीट कराचं. कंपनी ह्येच सॉफ्टवेअर बनवते."

"म्हंजे जे नाय, तेचा तुना पगार मिलतं?"

"जे नाय तेचा नाय. ते कसं दिसंल, तेचा."

मी तापलोच. पण तिचं खरं होतं. आतलं सगळं गणित दुसरे लोक करतात. माणसाला डोळ्यांपुढे जे दिसतं ते प्राप्तीचं. बटण कुठे असावं, केबल कोणत्या रंगाची दिसावी, काही बिघडलं तर स्क्रीनने काय बोलावं, हे सगळं ती ठरवते.

तिची काम करायची रीत मात्र विचित्र आहे. ती माणसं पकडते. भाजीवाली, पोस्टमन, माझे ड्रायव्हर, जो सापडेल तो. लॅपटॉप पुढे ठेवायचा, 'हा निरोप त्या घरी पोचवा' एवढंच म्हणायचं आणि स्वतः तोंडाला कुलूप लावून बसायचं. अशा वेळी ती स्क्रीनकडे बघत नाही. ती माणसाचा हात बघते. तो कुठे गेला, कुठे अडला, कुठून परत फिरला. मला बसवलं तेव्हा केबल जोडायचं बटण मला काही केल्या सापडेना. मी ओरडलो, "मी येरा हाय का?" तर ही बया टाळ्या पिटायला लागली. तिचा नियम असा, की माणसाला आपण वेडे आहोत असं वाटलं की चूक स्क्रीनची. त्याच आठवड्यात तिने ते बटण हलवून कप्प्याच्या तोंडाशी आणलं. माझ्या ओरडण्याने जगात काहीतरी सुधारलं, असं तेव्हा पहिल्यांदाच झालं.

राउटर म्हणजे काय तेही तिने मला झकास समजावलं. राउटर म्हणजे निरोप पुढे देणारं घर. त्या घराला सगळा रस्ता ठाऊक नसतो. अमक्याचा निरोप आला तर शेजारच्या तमक्याकडे द्यायचा, एवढीच त्याच्याकडे नोंद. तमका पुढचं बघून घेईल. आणि प्रत्येक निरोपाला आयुष्य मोजून दिलेलं असतं. हात बदलला की ते थोडं घटतं. हात बदलता बदलता संपलं की निरोप मरतो.

"मरतं म्हंजे? परत नाय येत?"

"नाय. वाटंवरच मरतं."

मला त्या पाकिटाचं फार वाईट वाटलं.

प्राप्तीलाही वाटायचं, आणि तिथूनच तिची भानगड सुरू झाली. जुन्या स्क्रीनवर निरोप मेला की नुसती लाल फुली यायची आणि खाली आकड्यांचा लांबलचक तक्ता. कशाने मेला ते त्या तक्त्यात असायचं, पण मुलं तिथपर्यंत पोचेपर्यंत कंटाळून चहाला जायची. प्राप्तीने दोन वर्षं खपून नवी स्क्रीन केली. तिच्यात पाकीट मरेल तिथेच पडून राहतं, ते ज्या वाटेने आलं ती वाट उजळते, आणि शेजारी साध्या मराठीत एक वाक्य येतं: 'पुढच्या रस्त्याची नोंद नाही, म्हणून निरोप इथे थांबला.' त्या वाक्यांवर तिचा जीव. जेवताना घास हातात धरून विचारायची, 'थांबला' बरं वाटतं की 'अडकला'? आम्ही म्हणायचो, आधी तो घास पोचव.

कंपनीतले चांगदेव सर या वाक्यांच्या विरुद्ध होते. सर पुण्याचे, मोठा हुशार माणूस. आतलं गणित त्यांचंच. त्यांचं म्हणणं, इंजिनिअरला गोष्टी नकोत, आकडे हवेत, आणि ही स्क्रीन म्हणजे पोरखेळ आहे. बरीच ओढाताण झाली आणि शेवटी ठरलं, की उरणजवळच्या एका पॉलिटेक्निकात मुलांपुढे दोन्ही स्क्रीन ठेवायच्या. अर्ध्या मुलांना जुनी, अर्ध्यांना नवी. एका नेटवर्कमध्ये मुद्दाम बिघाड घालायचा. नव्या स्क्रीनवाल्यांना तो आधी सापडला तर प्राप्तीची स्क्रीन राहणार. नाहीतर जुनीच राहणार आणि तिची दोन वर्षं पाण्यात. सोमवारी सॉफ्टवेअर बाहेर जायचं होतं, त्यामुळे दुसरी संधी नव्हती.

चाचणी गुरुवारी. आणि शनिवारी माझी हळद.

आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी. लग्नाला एखादा आला नाही तर कामात असेल म्हणतात, हळदीला आला नाही तर भांडलाय असं धरतात. पत्रिका आम्हीही छापतो, पण ती देवापुढे ठेवायला आणि मोबाइलवर फिरवायला. पत्रिका आली म्हणजे बोलावणं आलं असं कोणी मानत नाही. माणूस दारात आला पाहिजे, हातावर अक्षता ठेवल्या पाहिजेत, तोंडाने सांगितलं पाहिजे. त्याला आवतण म्हणायचं. त्यातही एका माणसाचं आवतण वेगळं आणि चुलीचं वेगळं. चुलीचं म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लेकराबाळांसकट आमच्याकडे जेवायला यायचं. आणि आमच्या घरात नवऱ्या मुलाने स्वतःचं आवतण द्यायचं नाही, ते थोरल्यांनी द्यायचं. बाबा गेल्यापासून थोरले म्हणजे सदाकाका, प्राप्तीचे वडील. त्यांच्या पाठचे मोरूकाका. आणि त्या दोघांची बहीण म्हणजे खाडीपलीकडच्या गावात दिलेली आमची ठमाबाई आत्या.

आत्याची गोष्टच वेगळी. लग्नातले धवले तिच्यासारखे कोणी गात नाही. ती पाटाशी बसून धवला धरते तेव्हाच नवऱ्याला हळद लागते. डीजे लावा नाहीतर बँड आणा, आत्याचा आवाज लागल्याशिवाय आमच्या घरात हळदीचा हात कोणी पुढे करत नाही. आत्या रुसली तर काय होतं हे एका बारशाला बघून झालं होतं. ते मूल आता शाळेत जातं आणि आत्या अजून त्याला नावाने हाक मारत नाही.

लग्नाच्या गडबडीत प्राप्तीला कल्पना सुचली. कंपनीच्या नमुन्यातली 'थळ ऑफिस', 'पाली ऑफिस' अशी नावं स्क्रीनवर दिसली की घरातले लोक जांभया देतात, हे तिने पाहिलं होतं. म्हणून तिने घरच्यांवर प्रयोग करायला माझ्या हळदीचंच नेटवर्क बनवलं. एकेक घर म्हणजे एकेक राउटर. मग ती वही न घेता, लॅपटॉपच काखेत मारून घरोघर गेली आणि विचारत सुटली, अमक्याचं आवतण आलं तर तुम्ही ते पुढे कोणाकडे द्याल? जे उत्तर मिळालं ते जसंच्या तसं त्या घराच्या नोंदीत भरलं. चित्रंही घरागणिक काढली. माझ्या घराला मुंडावळ्या, मोटरसायकलवाल्या मोरूकाकांना हेल्मेट, आत्याला नथ. आम्ही पोट धरून हसलो. सदाकाकांनी आपलं चित्र निरखून विचारलं, "मी येवरा जारा दिसतंय?" सगळ्यांनी त्यांच्या पोटाकडे बघितलं.

पॉलिटेक्निकची फाइल वेगळी होती. तिच्यात थळ होतं, पाली होती आणि मुद्दाम घातलेला बिघाड होता. एका फाइलचं नाव 'चाचणी शेवटची', दुसरीचं 'चाचणी शेवटची खरी'. बुधवारी अंगणात मांडववाले बांबू ठोकत होते, आई हळकुंडं शोधत होती, रघू वायफायचं डबडं घेऊन उभा होता, आणि त्यातच प्राप्तीने कॉलेजला फाइल पाठवली. कोणती पाठवली ते तुम्हाला कळलंच असेल. तिला नव्हतं कळलं.

गुरुवारी मीच तिला गाडीतून नेलं. घरात असलो की मी मांडववाल्यांशी भांडतो, म्हणून आईनेच मला बाहेर काढलं होतं. एरवी प्राप्ती गाडीत अखंड बडबडते. त्या दिवशी ओढणीचं टोक चावत बसली होती.

"दादा, नाय जमलं तं?"

"तं माजा ट्रेलर चालव."

ती हसली नाही, तेव्हा मला कळलं की हे प्रकरण गंभीर आहे. मग मी हॉर्न न वाजवता गाडी चालवली, जे मला जमत नाही.

लॅबमध्ये इनशा मॅडम होत्या. त्या नेटवर्क शिकवतात, आणि जुन्या स्क्रीनमुळे आपला घसा बसतो असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. चांगदेव सर पुढे हाताची घडी घालून उभे. मी मागच्या बाकावर. मॅडम म्हणाल्या, "एका ठिकाणी निरोप पोचत नाहीये. कुठे आणि का, शोधा." मुलांनी फाइल उघडली.

माऊस टिकटिकले. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि त्याच्यामागून सगळी लॅब.

"मॅडम, हे तर नवरदेवाचं घर आहे."

"मॅडम, ही नथवाली कोण?"

प्राप्तीच्या तोंडावरचा रंग उडाला. मी मॉनिटरच्या मागे डोकं घातलं, कारण मुंडावळ्यांखाली ठळक अक्षरात माझं नाव होतं.

"प्राप्ती, हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"सर, चुकीची फाइल गेली. ही आमच्या घरची आहे. हिच्यात बिघाड घातलेलाच नाही."

सरांनी डोळे मिटले. "मग चाचणी रद्द समजायची?"

ती 'हो' म्हणाली. इतकं हळू, की मला ते फक्त तिच्या ओठांवर दिसलं. दोन वर्षांचं काम एका शब्दात गेलं. मला त्या क्षणी मांडववाला, रघू आणि हळकुंडं या सगळ्यांचा एकदम राग आला.

"पण मॅडम, सापडलं ना," खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली. तिचं नाव रुचिता. तिच्यापुढे नवी स्क्रीन होती.

"काय सापडलं?"

"बिघाड. ठमाबाई आत्याला आवतण पोचत नाही."

आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झालो. पाकीट माझ्या घरातून टुणटुण निघालं. सदाकाकांकडे गेलं. तिथून मोरूकाकांकडे. मोरूकाकांकडून परत सदाकाकांकडे. पुन्हा हेल्मेटकडे, पुन्हा माघारी, आणि दोन घरांच्या मधोमध मरून पडलं. ती वाट पिवळीधमक उजळली होती. शेजारी वाक्य होतं: 'सदाकाका हा निरोप मोरूकाकांकडे देतात. मोरूकाका तो सदाकाकांकडे देतात. फिरून फिरून निरोप संपला.'

"आमच्यावर पण तेच," नव्या स्क्रीनवाली बाकीची मुलं म्हणाली. जुन्या स्क्रीनवाले अजून तक्ता खालीवर करत होते. त्यातल्या एकाचं मत होतं की रघूची केबल सैल आहे.

"मी हा बिघाड घातला नाही," प्राप्ती सावकाश म्हणाली. "मला जे सांगितलं तेच मी भरलं." मग ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. "दादा."

मला आठवलं. आमच्याच ओट्यावर सदाकाका म्हणाले होते, "मोरू रोज ठमीच्या दारावरशी जातं, त्योच सांगंल." आणि मोरूकाका म्हणाले होते, "थोरला असताना मी कसा सांगू? मान त्याचा." दोन्ही उत्तरं प्राप्तीने आपल्या हाताने भरली होती, आणि आम्ही सगळे त्या वेळी चित्रांना हसत होतो. आज गुरुवार. आत्याला अजून कोणी सांगितलेलंच नाही.

मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. लॅबमध्ये मात्र ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

"म्हणजे हे खरं आहे?" सरांनी विचारलं.

"एकदम खरं, साहेब," मी म्हटलं आणि दाराकडे पळालो. प्राप्ती लॅपटॉप घेऊन माझ्यामागे, आणि गाडी सुरू करतो तर मागचं दार उघडून सर आत.

"मला बघायचंय," ते म्हणाले. काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

वाटेत मी फोन स्पीकरवर टाकून सदाकाकांना विचारलं. ते म्हणाले, "मोरूनं सांगलं आसंल." मोरूकाकांना विचारलं. ते म्हणाले, "दादानं सांगलं आसंल." मागून सर पुटपुटले, "लूप." प्राप्तीला हसू फुटलं. भीतीने आलेलं हसू, ते थांबेचना. ती हसते म्हणून मी हसलो, आणि आरशात बघतो तर सर खिडकीकडे तोंड करून खांदे हलवतायत.

अक्षता नव्हत्या. नाक्यावरच्या दुकानातून तांदूळ आणि कुंकू घेतलं आणि गाडीच्या बॉनेटवर कालवायला लागलो. रुमाल सरांचा. वारा सुटलेला, त्यामुळे निम्मं कुंकू सरांच्या शर्टावर गेलं. ते रुमालाची टोकं धरून असे उभे होते की जाणारे-येणारे त्यांनाच नवरा समजत होते.

आत्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती. गाडीचा आवाज आला तशी तिने पाठ फिरवली.

"कोन?"

"मी, आत्या. निकेत."

"मी कनच्या निकेताला वलखत नाय. वलखीच्या घरशी आवतन येतं."

"आत्या, चूक झायली," प्राप्ती म्हणाली.

"चूक? मोरू रोज ह्या दारावरशी जातं. हात करतं. मी पन हात करतंय. मना वाटलं, आज थांबंल, उद्या थांबंल." ती सुकट निवडत राहिली. "साडी कारून ठेवलीय तवापासून."

दोरीवर ती साडी खरंच होती. हिरवी, घडी मोडून वाऱ्याला टाकलेली. 

 प्राप्तीने सुकटीच्या सुपाशेजारी लॅपटॉप ठेवला, उघडला आणि पाकीट सोडलं. आत्या बघत नव्हती. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली.

"ही नथवाली कोन?"

"तू."

आत्याने पदराला हात पुसले आणि वळून बसली. पाकीट सदाकाकांकडे गेलं, मोरूकाकांकडे गेलं, परत फिरलं. पुन्हा गेलं, पुन्हा फिरलं, आणि नथीपासून चार बोटांवर मेलं. आत्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"लानपनी पन दोघं असंच. गाय कोन बांदंल? ह्यो बोलं त्यो, त्यो बोलं ह्यो. आन गाय मिठागरान." तिने डोळे टिपले. "मंग, आता ह्ये पोचवाचं कसं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर प्राप्तीने माझ्या पायावर पाय दिला. तिच्या तोंडाला कुलूप होतं. ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती आत्याचा हात बघत होती.

आत्याचं बोट जरा वेळ अधांतरी थांबलं. मग सरळ केबलच्या कप्प्याकडे गेलं, माझ्या ओरडण्यामुळे जे बटण तिथे आलं होतं त्याच्यावर टेकलं, आणि मुंडावळ्यांच्या घरापासून नथीपर्यंत तिने एक रेघ ओढली.

"मधी कोनी नको," ती म्हणाली.

पाकीट निघालं आणि नव्या रेघेवरून थेट नथीवर येऊन बसलं. शेजारी अक्षरं उमटली. आत्याला वाचता येत नाही. तिने सरांकडे बघितलं आणि हनुवटीने खुणावलं. चांगदेव सर खाली वाकले आणि मोठ्याने वाचलं, "निरोप पोचला."

मग मी रुमाल पुढे केला. नवऱ्या मुलाने द्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं, पण रेघ आत्यानेच ओढली होती. "आत्या, शनवारी माजी हालद हाय. चुलीचं आवतन." तिने ओंजळ पुढे केली. मी अक्षता ठेवल्या. 

"आन ह्यो कोन?" तिने सरांकडे बोट केलं.

"माझे साहेब," प्राप्ती म्हणाली.

"त्यांना आवतन दिलंस?"

प्राप्तीने खाली बघितलं. आत्याने आपल्या ओंजळीतली चिमूट काढून कुंकवाने माखलेल्या सरांच्या हातावर ठेवली. "चुलीचं. घरा चूल पेटवाची नाय." सरांनी मान डोलावली. पॉलिटेक्निकबद्दल, स्क्रीनबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. परत येताना प्राप्ती पुन्हा ओढणी चावत बसली.

शनिवारी आत्या हिरवी साडी नेसून आली आणि मांडवाच्या दारातच उभी राहिली. "आधी कोन बोलवतं मना आत?" सदाकाका आणि मोरूकाका एकदम म्हणाले, "ये गो." ते दोघं एकाच वेळी एकच बोलले, असं आमच्या घरात कोणी ऐकलेलं नव्हतं. आत्या पाटाशी बसली, धवला धरला, मला हळद लागली. मग डीजेवाल्याने सगळ्या दिवसाची भरपाई करायला सुरुवात केली.

आणि सर आले. पुण्याहून, बायको आणि दोन मुलींना घेऊन. सकाळपासून घरात चूल पेटवलेली नाही, असं त्यांच्या बायकोने आईला सांगितलं आणि आई तिथेच त्या बाईवर फिदा झाली. मुलींनी सरांचं तोंड पिवळं करून टाकलं. प्राप्ती मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नाचत होती, पण तिचं लक्ष सगळं सरांकडे. विचारायची तिची छाती होत नव्हती.

सर तिला उद्देशून काहीतरी बोलले. डीजेपुढे काय ऐकू येणार? त्यांनी ते बायकोच्या कानात सांगितलं. बायकोने माझ्या आईला सांगितलं. आईने पाटावर बसलेल्या मला सांगितलं. मी, हळद लावलेला नवरा, रघूकडे बघून असा ओरडलो की डीजेवाल्याने घाबरून गाणं थांबवलं, आणि त्या शांततेत रघूने सगळ्या मांडवासमोर प्राप्तीला सांगितलं, "तुजी स्क्रीन राहिली. वाक्यं पन."

प्राप्ती उभी होती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. मग उठली आणि अशी नाचली की सदाकाकांनी दोन वेळा बांबू धरून मांडव सावरला. मला तिचा फार अभिमान वाटला. पाटावरून उठायचं नसतं, नाहीतर मीही गेलो असतो.

सरांची एक अट होती. चुकून गेलेली फाइलच सॉफ्टवेअरचा पहिला धडा म्हणून द्यायची. आत्याची परवानगी विचारली तेव्हा ती म्हणाली, नाव ठेवा, पण नथ मोठी करा. त्यामुळे आता जिथे जिथे ते सॉफ्टवेअर उघडतात तिथे पहिलाच प्रश्न येतो: ठमाबाई आत्याला आवतण पोचत नाही, ते पोचवा.

"म्हंजे थय मी अजून बिनआवतनाची?" आत्याने प्राप्तीला विचारलं.

"पोरं रोज पोचवतान, आत्या."

कुठल्या कॉलेजात धडा झाला ते प्राप्तीला कळत असतं. आत्याच्या गावावरून मी गाडी घेऊन निघालो की आत्या मला हात करते. मी थांबतो, न थांबून चालणारच नाही. "आज कोनी बोलावलं मना?" ती विचारते. मी प्राप्तीला फोन लावतो आणि सांगतो, आज नांदेडच्या पोरांनी, आज साताऱ्याच्या. आत्या मान हलवते आणि पुन्हा सुकट निवडायला बसते. मला कधीच हळद लागून गेली, पण ती हिरवी साडी तिने अजून पेटीत ठेवलेली नाही.